पिशवीतली बाटली

मंडळी, व्यसनमुक्ती केंद्रात न जाता आज सरळ वसमतला, दारू सोडलेल्यांच्या घरात राहायला आलो.

दारातच माझी पिशवी तपासली. टॉवेलात देशीची बाटली निघाली. "माझी न्हाई," मी शपथेवर सांगितलं. कोणालाच पटलं न्हाई.

घर चालवणाऱ्या काकांनी माझ्या आईला फोन लावला. "मीच ठिवली," ती म्हणाली. "एकदम सोडली तं लेकराचे हात थरथरतेत. औषधावानी थोडी थोडी द्या."

काकांनी बाटली मोरीत ओतली अन् मला डॉक्टरकडं नेलं.

दारूच्या दुकानावरून जाताना तोंडाला पदर लावणारी माझी आई काल तिथंच जाऊन उभी राहिली. आमच्या गावच्या, आखाडा बाळापूरच्या कोणी पाहिलं असलं, तर तिला नावं ठेवू नका. बाटली माझीच होती.