खरवडमामांनी सोललेलं गेट

खरवडमामांना कुणी बसायला लोखंडी खुर्ची दिली, की ते आधी ती उलटी करून पायांना नख लावून बघत. रंगाचा पोपडा सुटला तर चहा बाजूला राही आणि खिशातून पत्री बाहेर येई. पत्री म्हणजे धार लावलेली वीतभर लोखंडी पट्टी. पेडगावात लोखंडावरचा जुना रंग आणि गंज काढावा तर मामांनीच. पुन्हा रंग मारायला मात्र त्यांना सांगू नये. लखलखीत उघडं लोखंड दिसलं की त्यांचा जीव रमायचा, आणि रंगाचा डबा दिसला की चेहरा पडायचा.

काम संपलं की नाही हे ठरवायची त्यांची रीत ठरलेली होती. घरातल्या कुणालाही हाक मारून त्याचा तळहात लोखंडावरून फिरवायला लावत. हाताला तांबूस लागलं की "आजून हाय" म्हणत आणि तारेचा ब्रश घेऊन पुन्हा बसत. दोन दिवसांचं काम असं आठवडाभर चाले. भाकरी थापताना हाक आली की आमची आई जाम करवादायची.

गंजावर रंग मारणाऱ्याला ते माणसांत धरत नसत. आणि पोटात तर त्यांच्या काहीच राहत नसे. आमच्याकडे घराला रंग लागतो तो लग्नकार्याला, त्यामुळे जुन्या रंगांचे थर बघून मामा त्या घराचा सगळा इतिहास सांगत, तोही रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात.

माझी धाकटी बहीण वंदना दवाखान्यात नर्स आहे. तिचा एक साखरपुडा झाला होता. नोकरी सोड म्हणाले, तेव्हा तिनं अंगठी स्वतः नेऊन परत दिली. त्यानंतर आलेली दोन स्थळं ही गोष्ट कानावर पडताच दारातून परत गेली. मग बोरीच्या एका मास्तराचं स्थळ आलं. दोघं फोनवर बोलले होते आणि वंदनाला मुलगा मनापासून आवडला होता. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घरात दम भरला की साखरपुड्याचा विषय पाहुण्यांसमोर काढायचा नाही. वंदनाला ते पटलं नव्हतं, पण दोनदा पोळल्यामुळे ती गप्प राहिली. घर चांगलं दिसावं म्हणून अण्णांनी गेट रंगवायचं ठरवलं आणि खरवडमामांना बोलावलं. एवढा हुशार माणूस, पण तिथं चुकला.

पाहुणे गुरुवारी येणार होते. बुधवारी गेट विटांवर आडवं पडलेलं, पण बरंचसं लखलखीत झालेलं होतं. गंज धरू नये म्हणून त्याला त्याच दिवशी रंगाखालचं तांबडं अस्तर मारायला हवं होतं. मामांचा एक कोपरा राहिला होता आणि तो झाल्याशिवाय अस्तर मारू देतील तर ते मामा कसले! गुरुवारी सकाळी दवानं सगळं गेट पुन्हा तांबूस. मामा पहिल्यापासून घासायला बसले. बिनगेटाच्या अंगणात शेजाऱ्यांच्या शेळ्या शिरल्या आणि त्यांच्या मागोमाग पाहुणेही आले.

मुलाचे वडील निवृत्त कंडक्टर, चौकस माणूस. ते घरात न शिरता मामांपाशीच थांबले आणि राहिलेल्या कोपऱ्यातले थर दाखवत, एका गेटाला एवढे रंग कसे, असं त्यांनी विचारलं. मामांना असा श्रोता कधी मिळाला नव्हता.

"ह्यो तपकिरी घर बांधलं तवाचा. पिवळा थोरल्याच्या लग्नाचा. आन् ह्यो निळा मागल्या साखरपुड्याचा. पोरीनं मोडला त्यो. पर रंग लय वंगाळ मारलाय बगा, गंजावरच."

अण्णांनी चहाचा ट्रे आणून मधेच पुढे केला. मी शेळ्या हाकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. वंदना साडीचा पदर सावरत बाहेर आली.

"खरं हाय, काका. मीच मोडला. नोकरी सोडायची नव्हती मला. आमी आधीच सांगायला पायजे होतं."

मामांनी पाहुण्यांचाही तळहात गेटावरून फिरवून घेतला, "आजून हाय" म्हणाले. पाहुण्यांनी रुमालाला हात पुसत, रिकामे झाल्यावर बोरीला आमच्याही गेटाला याल का, एवढं मामांना विचारलं. त्यांनी चहा घेतला, मुलीची नीट चौकशी केली आणि गेले. गेलं हेही स्थळ, असं म्हणून अण्णा चार दिवस मामांना शिव्या घालत होते. पाचव्या दिवशी होकाराचा फोन आला, आणि मामांना पाठवून द्या असा निरोपही.

मामा बोरीला आठ दिवस राहिले. परतल्यावर अण्णांनी त्यांना बोलावून चहा पाजला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तिकडच्या गेटाखाली काय काय निघालं. आम्ही सगळे सरकून जवळ बसलो. वंदना दारात उभी होती. मामांनी तिच्याकडे बघितलं आणि बराच वेळ बशीत फुंकर मारत राहिले.

"थर व्हते. काढले समदे," ते म्हणाले. "आन् त्याच दिशी अस्तर मारलं, माझ्या हातानं. लोखंड चांगलं हाय, ताई."

अण्णांनी पुढे महिनाभर खोदून खोदून विचारलं. मामांनी एक अक्षर काढलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. वंदना बोरीहून लेकीला घेऊन आली, ती आमच्याकडे न थांबता आधी त्यांच्या घरी गेली आणि तिथं हमसून हमसून रडली. परत येताना मी तिला विचारलं, की तिकडच्या गेटाखाली काय निघालं ते तुला तरी कधी सांगितलं का गं त्यांनी.

"न्हाई," ती म्हणाली. "आन् मी इचारलं बी न्हाई, दादा. त्या मानसाला गप बसायला किती जड गेलं असंल."