गेलेले पट्टे

त्या पत्रकाची आठवण झाली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. वसमतला एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवत होते. काळात मागे जाण्याची प्रकाशाच्या कणांवर नक्कल कशी करतात, यावर मी विज्ञान दिनाला बोलणार होते. संस्थेच्या अध्यक्षांनी गावोगावी पत्रकं वाटली, ‘भूतकाळात चला! प्रवेश मोफत!’

“नक्कल हा शब्द कुठे गेला?” मी विचारलं.

“त्यानं गर्दी होत न्हाई, म्याडम.”

गर्दी तर तोबा झाली. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि माझ्या लेझरला हळदकुंकू वाहिलं, तेही थेट काचेवर! भिंतीवर उजेडाचा नुसता लाल चिखल. दातओठ खात मी सगळ्यांसमोर पदराने काच पुसली, तेव्हा कुठे प्रयोग लागला. काजळी धरलेल्या दुसऱ्या एका काचेवर मी ब्लेडने दोन चिरा पाडल्या होत्या. त्यांतून गेलेल्या उजेडाचे भिंतीवर पट्टे उमटले. एका चिरेवर पोलरॉइडचा, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश सोडणाऱ्या फिल्मचा, उभा तुकडा लावला, दुसरीवर आडवा; पट्टे गेले. पुढे तिसरा तुकडा तिरपा धरला, गेलेले पट्टे परत आले.

“नंतर केलेल्या गोष्टीने आधीचं बदलल्यासारखं वाटतं,” मी म्हटलं, “पण नुसतं वाटतं. मागे कुणी जात नाही.”

तांड्यावरून आलेली एक बाई उठली. “म्हंजी लेकीच्या लग्नाच्या दिवसाला जाता येत न्हाई?”

“नाही, मावशी. का हो?”

“सासरचे लई मारून राहिलेत तिला. आणायला निघाले, तर ह्या अध्यक्षसायबांनीच तांड्याच्या बैठकीत सांगितलं, अक्षता पडल्या, आता मागं फिरता येत न्हाई. अन् आता ह्यांनीच छापलं, मागं जाता येतं. म्हणून आले.”

अध्यक्ष माझ्या कानाशी लागले. “व्हय म्हणा की. तुमचं काय जातंय?”

माझं डोकं सणकलं. त्यांचं तोंड बघायचीही इच्छा उरली नव्हती. मी माइकवरच बोलले, “मावशी, मागे जायचंच कशाला? लेक जिवंत आहे. आजच्या एसटीने जा आणि घरी घेऊन या. लागलं तर मी येते.”

इतक्या शहाण्यांच्या बैठकीत हे तिला एकानेही सांगितलं नव्हतं. तिने मला विचारलं,

“आज आणलं तरी चालतंय?”