काव लागलेले लंगोट

माझ्या मुलीचे लंगोट माझे वडील धूत असत. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस कौतुकानं मान डोलावतो, म्हणून आधीच सांगून टाकते की त्यात कौतुकासारखं फार काही नव्हतं. बारशानंतर चौथ्या दिवशी आई न्हाणीच्या पायरीवर शेवाळावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई सावंतवाडीकडची. तेल लावणं, धुरी देणं, सगळं ती करायची, पण लंगोटाला हात लावत नसे. मी बाळंतीण, मला थंड पाण्यात हात घालायची बंदी. उरले कोण, तर त्याच वर्षी निवृत्त झालेले प्राथमिक शाळेतले मास्तर.

गोवा नुकताच घटक राज्य झाला होता आणि मी पहिल्या बाळंतपणासाठी मांद्र्याला माहेरी आले होते. बाहेर पावसाची झड. वडिलांनी पहिला लंगोट दोन बोटांत धरून, तोंड फिरवून, परसात नेला. आठवड्याभरात मात्र ते त्या विषयातले जाणकार झाले, आणि जाणकार झाल्यावर मास्तर गप्प बसतो थोडाच? आधी केळीच्या आळ्यात झटकायचं, मग एक पाणी, मग साबण लावून दगडावर, मग दोन पाणी, आणि रविवारी भाणात, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या हंड्यात, सोडा घालून उकळायचं. वाळेना ते शेगडीवर उपड्या घातलेल्या टोपलीवर पसरायचं. वाळलं की नाही ते हातानं नाही, गालानं बघायचं, कारण हात फसतो. हे सगळं ते आईला समजावून सांगत. आईनं चार मुलं वाढवली होती. ती गळ्यात हात अडकवून ओटीवर बसायची आणि "असं का?" म्हणायची.

आता भांडणाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय लंगोटांची गोष्ट पुढे सरकत नाही.

माझं सासर डिचोलीचं. सासरे खाणीच्या ऑफिसात कामाला होते. वडील आणि ते लग्नाआधीपासूनचे स्नेही, सोयरीक त्यांनीच जुळवलेली. मग राजभाषेचं आंदोलन आलं. वडील कोंकणीच्या बाजूचे, सासरे मराठीच्या. गंमत अशी की वडिलांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवली होती आणि सासऱ्यांच्या घरात कोंकणीशिवाय दुसरा शब्द कानावर पडत नसे. दोघं मराठीवरून भांडायचे ते कोंकणीत, आणि कोंकणीचा कैवार घेणारी वडिलांची पत्रं यायची ती शुद्ध मराठीत. दोघांनी आपापल्या मोर्चासाठी फलक रंगवले होते. ऑइलपेंट कुणाला परवडणार? मांजरपाटावर काव, म्हणजे तांबडी माती, कालवून, ब्रशानं. मी सासरी ओटीवर बसून सासऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, कारण त्यांची नजर अधू झाली होती, आणि ते डोळे बारीक करून एकेक अक्षर घोटत बसायचे. त्या दुपारी मला आवडायच्या. सासऱ्यांचा मला फार लोभ होता, हे सांगायला मला काही लाज नाही.

कायदा झाला, राजभाषा कोंकणी आणि कामकाजात मराठीलाही जागा. त्यात दोघांनाही थोडं थोडं मिळालं, त्यामुळे दोघंही नाराज राहिले. माझ्या डोहाळजेवणाला वडील डिचोलीला आले होते. बायका आत ओटी भरत होत्या आणि बाहेर पुरुषांच्या पंगतीत आवाज चढला. सासरे म्हणाले, "तुमच्या घरचें उदक लेगीत पियेवचों ना हांव." तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. वडील म्हणाले, "हाडून दिवपी कोण?", आणून देणार कोण, आणि पानावरून उठले. मी आत हिरवी साडी नेसून, डोक्यात फुलं माळून बसले होते. मला दोघांच्याही डोक्यात तांब्या घालावासा वाटला.

बारशाला सासरची सगळी आली, पाळणा आला, सासूबाईंनी लंगोटांचं गाठोडं आणलं. सासरे आले नाहीत. मी दिवसभर फाटकाकडे बघत होते. पहिली नात, आणि आजोबा नाहीत. मला भीती वाटत होती ती याचीच, की ह्या पोरीला आयुष्यभर एका वेळी एकच आजोबा मिळणार. एका घरी गेली की दुसऱ्याचं नाव काढायचं नाही.

तर लंगोट. आमच्याकडे भुरग्याला, म्हणजे बाळाला, नवं कापड घालत नाहीत. जुनं, वापरून मऊ झालेलं, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावरचं लागतं. आईनं मला आठवा लागल्यावरच वडिलांची धोतरं आणि स्वतःची लुगडी कातरून ठेवली होती. सासूबाईंच्या गाठोड्यात सासऱ्यांची धोतरं होती. ती ओळखायला सोपी. डिचोलीला खनिजाच्या ट्रकांची धूळ उडते, तिथलं पांढरं कापड कितीही धुतलं तरी फिकट तांबूसच राहतं. वडील दोरीवर लंगोट टाकताना म्हणायचे, हे आमचे, हे खाणीतले.

एक दिवस उकळलेल्या ढिगात त्यांना पाच-सहा लंगोट वेगळे दिसले. जाड मांजरपाट, तांबूस, आणि त्यावर कावेच्या पुसट रेघा. एकावर शिरोरेघेचा तुकडा, एकावर अर्ध्या अक्षराचं पोट. वडील हातांवरून पाणी गळत असतानाच ओटीवर धावत आले. "व्याह्यांचो फलक!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडला तेव्हाही फुलला नव्हता. "कातरून धाडलो! शेवटीं कातरलो!"

त्या दिवसापासून बाळाला लंगोट निवडून बांधायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. इतर लंगोट वाळलेले असले तरी हेच पुढे यायचे. बाळानं आपलं काम केलं की म्हणायचे, "शाबास गो बाय! आनीक कर." आणि मग ते लंगोट दगडावर दोनदा जास्त आपटायचे. आई गळ्यात हात घेऊन माडांकडे बघत बसायची.

मलाही ते खरंच वाटलं. आणि मला हसू येईना. सासरे तो फलक रंगवताना मी शेजारी बसले होते. इतक्या हौसेनं घोटलेली अक्षरं त्यांनी नातीसाठी कातरू दिली, म्हणजे ते आतून किती नमले असतील, असं मनात येई. आणि इकडे आमचे मास्तर त्यावर हसतायत. एका दुपारी जेवताना माझा तोल गेला. मी म्हटलं, "त्यांनी आपलं कातरून दिलं. तुम्ही काय दिलंत? साबण?"

वडील भात कालवत राहिले. संध्याकाळी टेबलाशी बसून त्यांनी पत्र लिहिलं, अर्थातच मराठीत, आणि पाकीट बंद करायच्या आधी मला दाखवलं. "आपण पाठविलेले फलकाचे कापड उत्तम असून बाळास मानवले आहे. आपले मोठेपण ध्यानी आले. सवडीने येऊन जावे." ह्या तीन वाक्यांना त्यांना दीड तास लागला होता. आईनं ते वाचलं, वडिलांकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला तेव्हा वाटलं, तिचा हात दुखत असेल.

उत्तर आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी पुन्हा फाटकाकडे बघायला लागले आणि स्वतःवरच चिडायला लागले.

श्रावणातल्या एका दुपारी ऊन पडलं. वडिलांनी संधी साधून सगळे लंगोट अंगणातल्या दोरीवर टाकले होते, कावेचे अर्थात सर्वांत पुढे. आणि फाटक वाजलं. सासरे होते. शिवोलीहून फेरीबोटीनं चोपड्याला उतरून बसनं आलेले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, काखेत कापडी पिशवी. वडील परसातून आले ते कोपरापर्यंत साबणाच्या फेसात. दोघं अंगणात उभे राहिले. मी बाळाला घेऊन दारात.

सासऱ्यांनी नमस्कार केला नाही. ते सरळ दोरीपाशी गेले, डोळे बारीक करून एकेक लंगोट नाकाजवळ धरून बघू लागले. मग म्हणाले, "मास्तर, हें म्हजें अक्षर न्हय."

"म्हणजे?"

"म्हजो फलक घरा आसलो. कपाटांत." त्यांनी पिशवी उघडली आणि घडी केलेला मांजरपाट बाहेर काढला. धुऊन, उकळून आणलेला होता. कावेची अक्षरं फिकी झाली होती, पण ओळ अजून वाचता येत होती. "तुमचें पत्र वाचलें आनी म्हाका लज दिसली. जें हांवें दिलेंच ना, ताचें मोठेपण कशें घेवं? हाडलां आतां. कातरात."

वडिलांनी दोरीकडे बघितलं, फलकाकडे बघितलं, आणि मग हळूहळू मान वळवून आईकडे. आईनं चांगला हात पदराला पुसला.

"तो तुमचोच फलक," ती म्हणाली. "माळ्यार पडलेलो. कापड बरें दिसलें. हांवेंच कातरलो."

"आनी सांगलें ना कित्याक?" का नाही सांगितलंस, असं वडिलांनी विचारलं.

"तुमी इतले उमेदीन धुताले."

दीड महिना. दीड महिना आमचे वडील स्वतःच्याच फलकावर नातीकडून जलाभिषेक करवून घेत होते आणि तिला शाबासकी देत होते. मला हसू फुटलं ते आवरेना, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. बाळही घाबरून रडायला लागलं. सासरे आधी गोंधळले. मग त्यांना वडिलांच्या तोंडाकडे बघून सगळं उमजलं असावं, कारण ते पायरीवर बसले आणि पोट धरून हसायला लागले. वडील हसले नाहीत. ते उभेच होते, फेस कोपरावरून गळत होता. मग ते आत गेले. मला वाटलं, आता दार लावून बसणार.

ते तांब्या-भांडं घेऊन बाहेर आले. हात धुवायचं विसरले होते, तांब्याला साबण लागला होता. भांडं त्यांनी व्याह्यांपुढे धरलं. सासऱ्यांनी साबणाचा वास येणारं ते पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि मग नात मागून घेतली.

फलक कातरायला दोघं ओटीवर बसले. एक धरतो, एक कातरतो, आणि दोघांचं एकमेकांच्या हातावर लक्ष. वाद सुरू झालाच, लंगोट तिकोनी बरा की चौकोनी ह्यावर. त्यावर वडील अधिकारवाणीनं बोलत होते आणि ह्या वेळी तो अधिकार त्यांना खरोखर होता. कातरलेलं कापड पुन्हा एकदा पाण्यातून काढून त्यांनी दोरीवर टाकलं, जुन्या लंगोटांशेजारी.

दिवेलागणीनंतर बाळाचं कापड बाहेर ठेवायचं नसतं. ऊन उतरायला लागलं तशी आईनं हाक मारली आणि दोघंही लगबगीनं अंगणात गेले. दोरीवरून भराभर काढून, गालाला लावून बघत, एकमेकांच्या हातावर टाकत होते. कावेचे लंगोट सगळे सारखेच दिसत होते. वडिलांनी एक उजेडाकडे धरला, उलटसुलट केला.

"खंयचें हें? तुमचें काय आमचें?"

सासऱ्यांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि घडी घातली.

"भुरग्याचें," ते म्हणाले.