काळ्या दोऱ्यातले पाच पैसे

तांब्यावर चढलेलं हिरवं पोरीच्या पोटात गेलं तर काय होतं, या एका प्रश्नानं माझी झोप घालवली. गुड्डी, माझी नऊ वर्षांची लेक, संध्याकाळी एक जुना पैसा चाटून मोठ्या समाधानानं म्हणाली होती, "आई, याची चव आजीच्या तांब्यासारखी लागते." झालं! मी मोबाईलवर विषबाधेचे असतील नसतील तेवढे प्रकार वाचून काढले. बी.एस्सी. झालेल्या बाईला एवढं तरी करावंच लागतं.

सकाळी माझे सुजलेले डोळे पाहून सासूबाई म्हणाल्या, "आमी जलमभर तांब्याच्या गुंडातलं पानी पेलो वं. मेलो का?"

असे किस्से घरात मुद्दाम साठवावे लागत नाहीत. जिनिंग सुरू झाली की आमच्याकडे पडद्यांवर कापसाचे तंतू आपोआप येऊन बसतात, तसे ते बसतात. झटकायला जावं तर एकेक हातात येतो. त्या पैशांच्या बॅटरीचे तर अजून झटकून संपले नाहीत.

*

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. गुड्डीच्या सरांनी तिला विषय दिला, तांब्याच्या नाण्यांची बॅटरी. एक जस्ताचा तुकडा, त्यावर मीठ आणि व्हिनेगरमध्ये भिजवलेला पुठ्ठा, त्यावर नाणं. पुन्हा जस्त, पुन्हा पुठ्ठा. असे थर चढवले की लहानसा लाल लाईट लागतो म्हणे.

मी आयांच्या ग्रुपवर विचारलं, "कोणाकडे तांब्याची नाणी आहेत का?"

खुशीच्या मम्मीचा लगेच फोन. "ताई, तुमचं लय बरं आहे. नाण्यांवरच भागलं. आमच्या पोरीले ज्वालामुखी भेटला. कालच्या प्रॅक्टिसमध्ये सोफा गेला!"

*

जाम चौकात आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गुड्डीच्या बाबांनी विषय ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"दुकानात खोकंभर सेल पडले हायत, अन् तुमी घरी पैशाचा सेल बनवून राह्यले! गिऱ्हाईकानं आयकलं तं शटर पाडा लागन."

गुड्डी म्हणाली, "बाबा, तुमचे सेल तं दुसऱ्यानं बनवले हायत."

त्यानंतर त्यांनी मुकाट्यानं जस्ताच्या तुकड्यांसाठी जस्ती वायसर आणून दिले, एक लाल एलईडी लाईट दिला, चौकातल्या चायनीजच्या गाडीवरून कपभर व्हिनेगर मागून आणलं. पुठ्ठ्यासाठी कोणाची तरी जाडजूड लग्नपत्रिका कापली. त्या जोडप्याच्या नावांवर आम्ही मीठ चोळून बसलो, देव त्यांचं भलं करो!

*

राहिले पैसे. ते निघाले सासूबाईंच्या देवघरातल्या डब्यातून.

अल्लीपूरच्या माहेराहून सासूबाई एक रीत घेऊन आल्या आहेत. घरात मूल झालं की बाराव्या दिवशी भोकाचा जुना पैसा काळ्या दोऱ्यात ओवायचा आणि गाठ मारून बाळाच्या कमरेला बांधायचा. नजर लागत नाही. मूल वाढलं, दोरा आखूड पडला, की काढून डब्यात. पण दोऱ्यासकट! पैसा दोऱ्यातून काढायचा नाही.

"घेऊन जाय," त्या गुड्डीला म्हणाल्या, "पण दोरे काढजो नको."

मग एकेक पैसा तिच्या तळहातावर ठेवत गेल्या. "हा तुह्या बाबाचा. हा तुह्या आत्याचा. हा काकाचा. अन् हा तुहा."

डब्यात अजून एक होता. त्याचा दोरा कोरा करकरीत. ओवलेला होता, पण त्याला गाठ मारलेली नव्हती.

"अन् हा कोनाचा?"

सासूबाई डब्याचं झाकण पुसायला लागल्या. "तो असाच हाये."

"दूध उतू चाललं वाटतं," असं म्हणून मी आत पळाले. आत गॅसच बंद होता.

*

हा किस्सा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गुड्डी सहा वर्षांची असताना आम्ही तिला सांगून बसलो होतो की बाळ येणार आहे. तिनं आपली जुनी खेळणी साबणानं धुतली आणि अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. एका सशाचे कान चिमट्यात, एका बाहुलीची वेणी चिमट्यात. सातव्या महिन्यात मी दवाखान्यातून रिकामी परत आले. दोरीवर तेव्हा फक्त चिमटे होते. खेळणी कोणी काढली, ते मी आजवर विचारलेलं नाही.

गुड्डीनंही काही विचारलं नाही. आम्ही काही सांगितलं नाही. लहान आहे, विसरून जाईल, असं मी ठरवून टाकलं. तांब्याच्या हिरव्यासाठी रात्रभर वाचणारी मी, यासाठी मात्र एक ओळ वाचली नाही की एक शब्द बोलले नाही.

*

रविवारी पाटावर बॅटरी मांडली. पाच पैसे, पाच पुठ्ठे, पाच वायसर, आणि कडेनं लोंबणारे ओले काळे दोरे. बॅटरी कसली, नजर लागू नये म्हणून ट्रकच्या मागे बांधतात तसलं काहीतरी दिसत होतं!

लाईट लागेना. गुड्डीच्या बाबांनी दुकानातून मीटर आणलं, तारा घासल्या, व्हिनेगरला शिव्या दिल्या, चायनीजवाल्याच्या खानदानाचा उद्धार केला. जेवणाची वेळ टळली तरी हे पाटाशी मांडी घालून बसलेलेच.

शेवटी सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "कारे, तो लाईट उलटा तं नाई लावला?"

उलटाच लावला होता!

"दुकानात सांगजा नका कोनाले," हे म्हणाले.

*

सुलटा लावूनही लागेना. गुड्डी पोटावर पालथी पडून पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, सगळे दोरे एकमेकाले चिकटले हायत. खारं पानी दोऱ्यायनं जोडल्या गेलं. करंट तिकडूनच पळून राह्यला."

मीटरनं तिचंच बरोबर ठरवलं. दोरे काढल्याशिवाय लाईट लागणार नव्हता.

मी घाईघाईनं म्हणाले, "जाऊ दे गं. आपण पण ज्वालामुखी करू." खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. पैसे डब्यात जातील, डबा देवघरात जाईल, आणि मला पुन्हा दूध उतू घालवावं लागणार नाही.

सासूबाई उठल्या, पाटाशी येऊन बसल्या. "आन इकडं."

मी कात्री पुढे केली. "कात्री नको लावू त्याले," त्या म्हणाल्या. तीन गाठी त्यांनी नखांनी सोडवल्या. बाबांची गाठ काही केल्या सुटेना. "हा पयल्यापासून असाच आडमुठा," असं म्हणत ती दातांनी सोडवली. पाचव्याला गाठच नव्हती. नुसता ओढला तसा तो दोरा सुटून आला. चार दोरे त्यांनी पाटावर ठेवले. पाचवा मात्र पदराच्या टोकात बांधला.

लाईट लागला. लाल, तुरीच्या दाण्याएवढा. गुड्डी नाचली, बाबा नाचले. मी स्वयंपाकघरात कशाला गेले होते, ते आता आठवत नाही.

*

प्रदर्शनाच्या सकाळी माझ्या डोक्यात नवीनच किडा. सर विचारतील, पैसे कोणाचे, आणि पोरगी पाचव्यावर येऊन अडेल. सगळ्यांसमोर! म्हणून ती आंघोळीला गेल्यावर मी पाचवा पैसा काढून त्याजागी आपला आजचा चकचकीत रुपया ठेवला. लाईट लागला नाही. मग तो थरच काढून टाकला आणि चारच ठेवले. तरी नाही.

मागून आवाज आला, "आई, मी करून पाह्यलं. पाचच लागतात."

केसांतून पाणी गळत होतं आणि हात पुढे केलेला होता. मी पैसा तिच्या ओल्या हातावर ठेवला. हीच वेळ होती बोलायची. मी म्हणाले, "केस पूस. सर्दी होईल."

*

शाळेच्या हॉलमध्ये खुशीच्या ज्वालामुखीशेजारी गुड्डीचं टेबल होतं. सासूबाई नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसल्या होत्या. मी गुड्डीच्या मागे पाण्याची बाटली घेऊन उभी, जणू तिला नाही, मलाच उत्तरं द्यायची होती.

सर आले. लाल लाईट पाहून खूश झाले. "अरे वा! इतके जुने पैसे कुठून आणले?"

गुड्डी बोट ठेवत गेली. "हा बाबांचा. हा आत्याचा. हा काकांचा. हा माझा."

"आणि हा सगळ्यात वरचा?"

"तो एक्स्ट्रा आहे, सर," मी मागून घाईनं म्हणाले.

गुड्डीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग दोन बोटांनी तो पैसा अलगद उचलला. लाईट विझला.

"एक्स्ट्रा नाही, सर. हा आमच्या बाळाचा आहे. बाळ आलं नाही. पण याला काढलं तर आमच्या चौघांचा लाईट लागत नाही."