पार्थचा नवस आणि माझी कंबर

गेल्या चैत्रातल्या अष्टमीला आम्ही आंबागडच्या बाजूच्या एका टेकडीवरच्या देवीला तेरा किलो गूळ घेऊन गेलो. मी, माझी बायको, सासूबाई, साडेचार वर्षांची आरोही आणि दोन वर्षांचा पार्थ, एवढेच जण होतो. गूळ पार्थच्या भाराचा होता. कमी पडू नये म्हणून एक किलो जास्त घेतला होता. पार्थ दिवस भरायच्या आधीच जन्मला, तेव्हा तो पावणेदोन किलोचा होता. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत पडलेल्या त्या जिवाकडे पाहत सासूबाईंनी आपल्या माहेरच्या या देवीला शब्द दिला, की लेकरू जगलं तर वर्षाचं झाल्यावर तुझ्या तराजूत बसवू आणि त्याच्या भाराचा गूळ वाहू. तिथली रीत अशी, की नवसाचं मूल पहिल्या पायरीपासून तराजूपर्यंत बापाने कडेवर न्यायचं आणि वाटेत त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. पार्थ वर्षाचा झाला, पुढे दोन वर्षांचा झाला, तरी आम्ही गेलो नव्हतो. कारण माझी कंबर.

माझं लग्न उशिरा झालं आणि मुलं त्याहून उशिरा. ज्या वयात मित्रांची पोरं कॉलेजात गेली, त्या वयात मी रात्रंदिवस लेकरं कडेवर घेऊन फिरत होतो. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मी काट्यावर बसतो. आलेलं धान आणि गेलेला तांदूळ यांच्या वजनाचा हिशेब माझ्याकडे असतो. दिवसभर बसून काम आणि घरी आल्यावर वाकून काम, यात कंबर कधी धरली ते कळलं नाही. पहिल्यांदा पार्थला पाळण्यातून उचलताना चमक आली, आठवड्याने गेली. मग पुन्हा आली. बरं वाटायला लागलं की मी विसरायचो आणि विसरलो की ती परत यायची. पुढे पुढे डावा पाय मांडीपासून टाचेपर्यंत बधिर व्हायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढले, मणक्यातली गादी सरकली आहे म्हणाले, व्यायाम लिहून दिले आणि पाच किलोच्या वर काही उचलू नका असं बजावलं. मी विचारलं, "आणि लेकरू?" ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "लेकरू म्हणजे पण वजनच ना." त्या वाक्याने मला जेवढं घाबरवलं, तेवढं फोटोने घाबरवलं नाही.

खरी भीती बसली ती टेकडीवर जायच्या आदल्या पावसाळ्यात. बायको अंगणवाडीच्या मीटिंगला गेली होती. मी गॅसवर दूध ठेवलं आणि खाली पडलेलं झाकण घ्यायला वाकलो, तो उठलोच नाही. कंबरेत कोणी खुंटा ठोकावा तसं झालं आणि मी फरशीवर आडवा झालो. दूध उतू गेलं, जाळ विझला आणि गॅसचा वास यायला लागला. आरोहीचा हात ओट्यावर पोचत नव्हता. पार्थ माझ्या पोटावर चढून हसत होता. त्याला वाटलं, बाबा खेळतात. मी कोपरांवर सरकत ओट्याखालच्या सिलिंडरपर्यंत गेलो आणि बटण बंद केलं. कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून पार्थला उचललं की मी आधी टेकायला भिंत शोधायचो. आज दूध होतं, उद्या हातात लेकरू असताना असंच झालं तर? विहिरीजवळ, रस्त्यावर, जिन्यात? मी त्याला आंघोळ घालायचं सोडलं. तो हात वर करून "बाबा, उते" म्हणायचा, म्हणजे उचलून घे, आणि मी ऐकू न आल्यासारखा फोनमध्ये पाहायचो.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणायच्या, "जवाई, देवीमायचं कबूल केलेलं बाकी ठेवलं ना तुमी, म्हणून तिनं कंबर धरली. फेडून टाका, सुटून जाईल." माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. देवी माणसाच्या मणक्यात हात घालते हे मला पटत नव्हतं. पण रात्री पायात मुंग्या आल्या की हाच विचार डोक्यात फिरायचा, आणि त्यापुढे आणखी वाईट विचार यायचा, की माझ्यावर राग आहे तोवर ठीक, तो लेकरावर तर निघणार नाही ना? विश्वास नसलेल्या माणसालाही अशी भीती वाटते, हे मी अनुभवाने सांगतो. शिवाय कंबर सुधारायची वाट पाहावी तर पार्थचा भार दर महिन्याला वाढत होता. ही शर्यत मी हरणार हे मला दिसत होतं.

म्हणून मी माझ्या धंद्याला साजेसं काम केलं. मिलमध्ये एका पोत्यात बरोबर पार्थच्या वजनाचा तांदूळ भरला आणि डॉक्टरांना न सांगता रोज ते पोतं कडेवर घेऊन गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागलो. हमाल हसायचे. एक जण म्हणाला, "भाऊ, पोत्याले शाळेत घालता का आता?" पण महिनाभर चमक आली नाही. मला वाटलं, वजन जमलं म्हणजे काम जमलं. मग अष्टमीचा दिवस ठरवला.

त्या दिवशी गाडी उशिरा मिळाली आणि टेकडीखाली पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. बायकोने गुळाची थैली डोक्यावर घेतली आणि सासूबाईंबरोबर पुढे गेली. त्या माउलीला वजनाचं कधी काही वाटलेलं नाही. मी पार्थला कडेवर घेतलं, आरोहीने माझ्या शर्टाचं टोक धरलं आणि आम्ही चढू लागलो. अर्धी वाट चांगली गेली. अर्ध्याच्या वर एके ठिकाणी पायऱ्यांच्या बाजूचा कठडा पडलेला आहे आणि खाली दगडांचा उतार आहे. तिथे झाडावरून एक माकड उतरलं. पार्थने "हुप्प!" म्हणत बाहेरच्या बाजूला जोरात झेप घेतली. तांदळाचं पोतं कधी झेप घेत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

कंबर जागच्या जागी धरली. डावा पाय माझा राहिला नाही. मी उजव्या पायावर उभा होतो, एक हात पार्थभोवती आणि दुसरा हवेत. खाली वाकून त्याला ठेवता येत नव्हतं, वळता येत नव्हतं, आणि शर्ट धरून आरोही उताराच्या बाजूला उभी होती. मी पडलो असतो तर तिघेही गेलो असतो. मोठ्याने हाक मारायला छाती भरून श्वास लागतो, तो घेता येत नव्हता. हाताची पकड सुटत चालली होती, ते मला कळत होतं. त्या क्षणी मी देवीला काही मागितलं नाही, कबूलही केलं नाही. मनात एवढंच आलं, की आता माझ्याच्यानं होत नाही.

खालून एक बाई झपाझप वर येत होती. पन्नाशीची असेल, उंच, उन्हाने रापलेली, पाय अनवाणी. जवळ येऊन तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहून असा खांबासारखा उभा हायेस जी? कंबर धरली का?"

मी मान हलवली.

"दे इकडं."

एवढं सगळं होत असतानाही माझ्या तोंडून निघालं, "नवसाचा आहे. बापानंच न्यावं लागते."

ती हसली. "मायचं लेकरू मायकडं चाललं. तू मधात अडून कायले राहिला? सोड."

मी सोडलं. अनोळखी माणसाने हात लावला तरी किंचाळणारा पार्थ तिच्या खांद्यावर असा गेला, जसा रोज जात असावा. मग तिने आरोहीला आतल्या बाजूला घेतलं, माझ्या काखेत हात घालून मला हळूच पायरीवर बसवलं आणि म्हणाली, "पोरी, बाबापाशी बस. त्याले माकडानं नेऊ नको देऊ." आरोही रडत होती, ती हसली.

पार्थ तराजूत बसला तेव्हा मी तिथे नव्हतो. मी पायरीवर बसून वरची घंटा ऐकत होतो. बायकोने नंतर सांगितलं, पुजाऱ्याने विचारलं, "बाप कुठं हाय?" तेव्हा ती बाई म्हणाली, "बापाच्या हातातूनच घेतलं मी. पाय कुठंच टेकले नाही. तोल आता." पुजाऱ्याने तराजूचं पारडं पुढे ओढलं. सासूबाईंनी स्वतःच दुसऱ्या पारड्यात गूळ ठेवला, याचं मला जास्त नवल वाटलं.

खाली येताना बाईच्या कडेवर पार्थ होता आणि तिच्या पायात आता चपला होत्या. ती नाकाडोंगरीकडची, सकाळीच बायांबरोबर दर्शन घेऊन उतरली होती. गप्पांच्या नादात चपला वरच्या पिंपळाखाली राहिल्या. "खाली दगडानं पाय भाजले तवा याद आली," ती म्हणाली. "बाया म्हणत होत्या, जाऊ दे, जुन्याच हायेत. मी म्हणलं, नाही, आणतोच." मी नाव विचारलं तर म्हणाली, "नाव कायले पायजे? पत्रिका छापतं का?"

यात चमत्कार कुठला, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. बाई खरी होती, चपला खऱ्या होत्या आणि झिजलेल्या होत्या. माझी कंबरही बरी झाली नाही. त्यानंतर तीन आठवडे मी अंथरुणावर होतो आणि आजही महिन्या-दोन महिन्यांनी चमक येते. भीतीही येते. पण आता मी फोनमध्ये पाहत नाही. जमिनीवर बसतो आणि पार्थला म्हणतो, तूच ये. तो येतो आणि मांडीवर चढतो. गाडीत बसवायचं असेल तर शेजाऱ्याला सांगतो, भाऊ, जरा उचलून दे. आधी हे सांगताना जीभ अडायची. इतके दिवस मी देवाकडे उचलायचं बळ मागत होतो. हातातलं दुसऱ्याच्या हाती देता यावं, हे मागायचं मला सुचलंच नव्हतं. ते त्या पायरीवर न मागता मिळालं.

त्या दिवशी पार्थचा भार बारा किलोच्या थोडा वर भरला. तेवढा गूळ देवीच्या पुढ्यात राहिला आणि पुजाऱ्याने तिथेच जमलेल्या लेकरांना वाटायला घेतला. उरलेल्या गुळाची ढेप मी त्या बाईला देऊ केली. तिने ती घेतली नाही. एक खडा मोडला, अर्धा पार्थच्या तोंडात घातला, अर्धा स्वतःच्या, आणि टेकडी उतरून गेली.