बिनपावडरचा बीकर

मंडळी, आज दुपारी माझ्या कामातला एक घोळ लक्षात आलाय. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं पीएचडीचं काम असं: झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म, पातळ पापुद्रे बनवायचे, त्यात किंचित तांबं मिसळायचं आणि ती पावडर निळ्या रंगाच्या पाण्यात घालून उन्हात ठेवायची. रंग किती लवकर उडतो ते मोजायचं. वर्षभर मस्त उडून राहिला होता आणि मी सगळं श्रेय तांब्याला देत होते.

आज इथे जबलपूरला कॉलेजच्या गच्चीवर पहिल्यांदाच एक बीकर नुसत्या निळ्या पाण्याचा ठेवला. दोन तासांनी माझी ज्युनिअर शिवानी ओरडली, "दीदी, इसका भी रंग उड़ गया!"

पूर्ण नाही, पण अर्ध्याहून जास्त. पावडरीशिवाय, नुसत्या उन्हाने.

घाबरून आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मी निळ्या साड्या काहून सावलीत वाळवते? ऊन रंग खातेच."

लहानपणापासून त्या साड्या सावलीत टाकायचं काम माझंच! तरी हे सुचलं नाही.

उद्या सकाळी अकराला माझ्या गाइड सरांसमोर वर्षभराचे आकडे मांडायचे आहेत. त्यातलं तांब्याचं किती आणि जबलपूरच्या उन्हाचं किती, मलाच माहीत नाही. सरांना तर अजून काहीच माहीत नाही.

ते फिकं पाणी बाटलीत भरून बॅगेत ठेवलं. मग बाहेर काढलं. परत ठेवलं.

खरं सांगा, तुम्ही ती बाटली सरांकडे नेली असती का?