बोटांनी मोजा

"आडनाव वाचलंत ना? मग तिचं तिलाच लावू द्या."

केसपेपर लिहिणारी मुलगी ईसीजीवाल्या बाईंना सांगत होती. पडद्यापलीकडे. मी अलीकडे खाटेवर, कुडता वर सरकवून पडलेली. इंदिरानगरमधला खाजगी दवाखाना. नव्वदच्या दशकाची अखेर. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

माझ्या आधी एक काकू होत्या. त्यांचं मी फटीतून पाहिलं होतं. बाईंनी त्यांच्या बरगड्या बोटांनी मोजल्या. "गार लागेल हं काकू," म्हणत जेल लावलं. मग एकेक रबरी फुगा छातीवर बसवला.

माझ्या वेळी बाई लांब उभ्या राहिल्या. फुग्यांचा ट्रे पुढे सरकवला. "हा इथे. तो जरा खाली. दाब की!" बोट हवेतच.

मी लावले. एक सुटला. परत लावला.

माझा दादा खो-खो खेळताना मैदानात पडला, तो उठलाच नाही. त्यानंतर मलाही दोनदा भोवळ आली. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिचे ठोके एकाएकी बिघडून जीव जायचा धोका आहे का, ते ईसीजीच्या रेघांवरून बघून घ्या. त्यासाठी आई आणि मी आलो होतो.

मोठ्या डॉक्टरांनी पट्टी पाहिली. रेघ नुसती नाचत होती. "ह्या लोकांना दोन मिनिटं गप्प पडून राहता येत नाही," ते बाईंना म्हणाले. मग मला, "काही नाही. परीक्षेचं टेन्शन."

मी म्हणाले, "थँक यू, डॉक्टर."

इंग्रजी शाळेत तेच शिकवलं होतं. सॉरी, प्लीज, थँक यू. अशा वेळी काय म्हणायचं, ते नव्हतं शिकवलं.

घरी आरशासमोर उभी राहिले. छातीवर फुग्यांचे लाल गोल वळ. दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता होता. त्यात सहा ठिपके, छातीच्या मधून डाव्या काखेकडे वळत गेलेले. माझे वळ कुठच्या कुठे. दोन तर गळ्याशी.

त्या पट्टीवर माझं हृदय नव्हतं. त्यांचा विटाळ होता.

दादा गेला तेव्हा आई म्हणाली होती, नशीब. मी त्या वळांवर बोट ठेवलं. नशीब असं लिहितात तर.

दुसऱ्या दिवशी परत गेले. आई रिक्षात म्हणत राहिली, "नको गं बाई. मोठ्या लोकांच्या तोंडी लागू नये."

"कालच काढला ना? हौस आहे का?" ईसीजीवाल्या बाई म्हणाल्या. आणि ट्रे पुढे आला.

मी खाटेवर पडल्या पडल्या हात पोटावर घट्ट बांधले. आवाज निघाला तो मोठा, बाहेरच्या बाकांपर्यंत जाणारा.

"मी लावणार नाही. तुम्ही लावा. कालच्या काकूंच्या मोजल्यात तशा माझ्या बरगड्या मोजा. बोटांनी. तोवर मी ह्या खाटेवरून उठत नाही."